चिकन कापल्यावर ओटा निर्जंतुक कसा करावा

चिकन कापून झालं, ओट्यावरून ओलं फडकं फिरवलं आणि लगेच त्याच जागी कोथिंबीर चिरायला घेतली. बऱ्याच घरांत हेच चालतं. कच्च्या कोंबडीवरचे साल्मोनेलासारखे जंतू फडक्याने मरत नाहीत, फक्त ओटाभर पसरतात. चिकन रश्श्यात शिजतं, कोथिंबीर मात्र कच्चीच ताटात जाते.

आधी घासा. ओटा, सुरी, विळी, चॉपिंग बोर्ड साबण आणि गरम पाण्याने घासून स्वच्छ धुवा. ही पायरी गाळून थेट ब्लीच ओतलं तर ते वाया जातं, कारण रक्त, चरबी आणि खरकट्यातच क्लोरीन खर्च होतो. चिकन नळाखाली धुण्याची सवयही सोडा. शिंतोडे शेजारच्या भांड्यांपर्यंत उडतात.

मग जंतुनाशक. घरी सर्वात स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे साधं ब्लीच, अर्थात सोडियम हायपोक्लोराइट. ते सुगंधी किंवा घट्ट जेलसारखं नको. बाटलीवरची टक्केवारी वाचा. ४ टक्क्यांचं असेल तर १ लिटर थंड पाण्यात ५ मिली, म्हणजे मोजमापाचा एक सपाट चहाचा चमचा. त्यातून दर दहा लाख भागांत सुमारे २०० भाग क्लोरीन मिळतो. अन्न लागणाऱ्या पृष्ठभागांसाठी तेवढा पुरतो. ‘थोडं जास्त घालू, चांगलं निघेल’ हा आपला स्वभाव इथे आवरा. जास्त झालं तर पुन्हा धुवावं लागतं, शिवाय स्टीलवर डाग पडतात. पाणी गरम घेऊ नका, त्याने ब्लीचचा जोर कमी होतो. द्रावण रोज ताजं करा.

ते ओट्यावर आणि बोर्डवर सगळीकडे ओलं राहील असं पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका. फवारलं की लगेच पुसलं, तर जंतू मरायला वेळच मिळत नाही. मग वाऱ्यावर सुकू द्या. या प्रमाणात पुन्हा धुण्याची गरज नसते, पण वास नकोसा वाटला तर पिण्याच्या पाण्याने खळबळा.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळ आहे. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर किंवा लिंबू मिसळू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही चालणार नाही. हात घालताना रबरी मोजे वापरा आणि खिडकी उघडी ठेवा.

नुसत्या लिंबू-व्हिनेगरवर विसंबणारे पुष्कळ आहेत. त्याने वास जातो, जंतूंचा भरवसा नाही. कडप्प्याचा ओटा असेल तर आंबटाने त्याची चकाकीही जाते, कारण तो चुनखडीचा दगड आहे. फिनेल फरशीसाठी आहे, पोळपाटासाठी नाही. स्पिरिट चालतं, पण पेटत्या गॅसजवळ नको.

माझ्या मते स्वयंपाकघरातली सर्वात घाण वस्तू म्हणजे सिंकवर गोळा करून ठेवलेलं ओलं फडकं. ते रोज बदला, दहा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात वाळवा. घासणी मऊ पडून वास मारू लागली की फेकून द्या.

हे सगळं रोज करायचं नाही. भाजी-पोळीच्या दिवशी साबण-पाणी पुरतं. मटण, मासे, अंडी हाताळली किंवा घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील, त्या दिवशी ब्लीचची बाटली काढा.