तलफेच्या आधीचं वाक्य पकडा

दारू सोडायला आलेल्या माणसाला मी ‘का प्यालात?’ असं विचारत नाही. बायको बोलली, पगार अडकला, ही उत्तरं तयारच असतात. मी विचारते, ‘बाटली उघडायच्या आधी मनाशी काय म्हणालात? तेच शब्द सांगा.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे हेकट विचार तपासून बदलायची पद्धत, याच प्रश्नापाशी काम करते.

मात्र रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. ते सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढा. हात थरथरत असताना विचारांवर चर्चा नको.

मग वहीत तीन रकाने आखा: काय घडलं, मनात काय आलं, पुढे काय केलं. एका रिक्षावाल्या दादांनी पहिल्यात लिहिलं, ‘मेव्हणा चारचौघांत बेवडा म्हणाला.’ तिसऱ्यात, ‘क्वार्टर.’ मधला कोरा. बऱ्याच वेळाने तिथे शब्द आले: ‘त्याने असं बोलताच कामा नये. मला हे सहन होत नाही. घेतल्याशिवाय झोप लागणार नाही.’

आता एकेका वाक्याशी वाद घाला. त्याने बोलू नये ही इच्छा रास्तच आहे, पण ‘बोलताच कामा नये’ हा हुकूम मेव्हणा का पाळेल? सहन होत नाही, तर आजवरचे अपमान कुणी सोसले? इथे अजिबात घाई करू नका. ‘सहन होत नाही’ हेच वाक्य मला व्यसनात सगळ्यात घातक वाटतं. तलफ त्रास देते, पण न पिताही ती उतरते. हे एकदा अनुभवलेला माणूस त्या वाक्याला सहजी भुलत नाही.

नवं वाक्य त्याचं त्यानेच घडवावं, मदत करणाऱ्याचं प्रवचन नको. दादांनी लिहिलं: ‘राग आलाय. रागातच जेवीन. झोप नाही आली तर जागा राहीन.’ ते रोज संध्याकाळी, वाईन शॉपचा रस्ता लागायच्या आधी, मोठ्याने म्हणायचं.

कधी घसरण झालीच, तर ‘आता मी संपलोच’ हे वाक्य दुसऱ्या क्वार्टरकडे नेतं. पिणं चुकलं, म्हणून अख्खा माणूस टाकाऊ ठरत नाही. घरच्यांनीही त्या रात्री हिशेब मागू नये. सकाळी शुद्धीत वही उघडा आणि मधल्या रकान्यापासून लिहायला लागा.