बेन होगनची कारकीर्द वर्षवार कशी वाचावी

बेन होगन या अमेरिकन गोल्फपटूच्या नावावर पीजीए टूरवरील (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतील) ६४ विजय आणि ९ मेजर विजेतेपदे आहेत; मास्टर्स, यूएस ओपन, ब्रिटिश ओपन आणि पीजीए अजिंक्यपद या चार सर्वांत मानाच्या स्पर्धांना मेजर म्हणतात. हे दोन आकडे पाठ केले तरी त्याची कारकीर्द उमगत नाही, कारण किती जिंकला यापेक्षा किती थोड्या स्पर्धा खेळून जिंकला, हा प्रश्न त्याच्या बाबतीत अधिक मोलाचा आहे. त्यासाठी वहीत वर्ष, वय, खेळलेल्या स्पर्धा, विजय आणि शेरा असे पाच रकाने आखून घ्यावेत. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा.

पहिली नोंद १९३० ची करावी. टेक्ससमध्ये १९१२ साली जन्मलेला, नवव्या वर्षी वडिलांना मुकलेला आणि फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर कॅडीचे, म्हणजे खेळाडूची गोल्फची पिशवी वाहण्याचे, काम केलेला होगन त्या वर्षी व्यावसायिक झाला. त्यानंतर विजयाचा रकाना बराच काळ कोरा राहतो. १९३८ मध्ये विक गेझीच्या जोडीने जिंकलेली स्पर्धा वगळता, एकट्याने मिळवलेला पहिला विजय थेट मार्च १९४० मध्ये, पाइनहर्स्टला येतो. ही दहा वर्षे घाईने ओलांडू नयेत. त्याचा चेंडू डावीकडे जोरात वळत असे, त्याला हूक म्हणतात; तो दोष घालवण्यासाठी सरावात घालवलेल्या तासांवरच पुढचे सारे विजय उभे आहेत.

युद्धकाळातील रिकाम्या ओळींना अपयश समजू नये. यूएस ओपन १९४२ ते १९४५ या काळात झालीच नाही आणि होगन १९४३ पासून लष्करी हवाई दलात होता. १९४२ साली झालेली हेल अमेरिका स्पर्धा त्याने जिंकली, पण ती मेजरमध्ये धरत नाहीत; मी तिची नोंद पेन्सिलीने करतो.

आता २ फेब्रुवारी १९४९ या तारखेखाली जाड रेघ ओढावी. त्या दिवशी टेक्ससमधील व्हॅन हॉर्नजवळ समोरून आलेल्या बसने त्याच्या मोटारीला धडक दिली. पत्नी व्हॅलेरीला वाचवण्यासाठी त्याने स्वतःला तिच्या अंगावर झोकून दिले. कंबरेचे हाड, गळपट्टीचे हाड आणि घोटा मोडला. पुढे रक्ताच्या गुठळ्या झाल्याने शस्त्रक्रियेत मुख्य शीर बांधावी लागली आणि पायांतील रक्ताभिसरण कायमचे मंदावले. रेघेच्या वर ३ मेजर येतात आणि खाली ६. हा हिशेब स्वतः मांडून पाहावा, वाचून सोडून देऊ नये.

रेघेखालच्या प्रत्येक ओळीत स्पर्धेची पद्धतही नोंदवावी. तेव्हा पीजीए अजिंक्यपद मॅच प्ले पद्धतीने, म्हणजे दोघा खेळाडूंच्या एकमेकांविरुद्धच्या बाद सामन्यांनी, अनेक दिवस चालत असे, त्यामुळे ते त्या पायांना झेपणारे नव्हते. यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी एकदम ३६ होल खेळावे लागत. १९५० साली मेरियन येथे पट्ट्यांनी गुंडाळलेल्या पायांनी ते ३६ होल चालत होगन अखेरच्या होलवर पोहोचला, तेव्हा बरोबरी साधण्यासाठी त्याला पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांतच होल पूर्ण करणे, आवश्यक होते. त्याने १ नंबरच्या आयर्नने (लांब पल्ल्याच्या लोखंडी क्लबने) चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोहोचवला आणि दोन पटमध्ये (हिरवळीवरील हलक्या फटक्यांत) होल पूर्ण केला. तो फटका मागून टिपणारे हाय पेस्किन यांचे छायाचित्र या वेळी जरूर समोर ठेवावे. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफचे, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा फेरीचे, आकडे असे (ज्याचे फटके कमी तो विजेता): होगन ६९, लॉइड मँग्रम ७३, जॉर्ज फाझिओ ७५.

वहीतील सर्वांत बोलकी ओळ १९५३ ची आहे. वय ४०, स्पर्धा ६, विजय ५. त्यांत ऑगस्टा येथील मास्टर्स, ओकमाँट येथील यूएस ओपन आणि कार्नूस्टी येथील ब्रिटिश ओपन या तिन्ही मेजर आहेत. चौथी का नाही, याचे उत्तर शेऱ्यात लिहावे: पीजीए अजिंक्यपदाच्या तारखा ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीशी भिडत होत्या. ब्रिटिश ओपन तो आयुष्यात एकदाच खेळला, हेही त्याच ओळीत यावे.

पराभव गाळू नयेत. १९५५ ची यूएस ओपन तो जॅक फ्लेककडून प्लेऑफमध्ये हरला. शेवटी १९६७ च्या मास्टर्ससाठी एक ओळ राखून ठेवावी: वय ५४, तिसऱ्या फेरीत ६६, त्यांपैकी शेवटचे नऊ होल ३० फटक्यांत, आणि चौथ्या फेरीत ७७. दोन्ही आकडे शेजारी शेजारीच लिहावेत.