पावसाळ्याआधी गावच्या पाण्याची तयारी

आटपाडी तालुक्यातील आमच्या गावची योजना लहानच आहे: एक विहीर, दोन बोअर, 50 हजार लिटरची टाकी आणि माळावरच्या वस्तीपर्यंत गेलेली नळवाहिनी. मागच्या पावसाळ्यात समितीत पाण्याचे काम माझ्याकडे होते आणि वस्तीवर जुलाबाचे रुग्ण निघाले, तेव्हा टाकीत रोज पाणी निर्जंतुक करणारी पावडर टाकल्याची नोंद वहीत अगदी व्यवस्थित होती. पावडरीत दम उरला होता की नाही, हे मात्र कोणी पाहिले नव्हते, आणि ते पाहणे माझे काम होते.

टाकी धुणे, गाळ काढणे, झाकणाला कुलूप लावणे, याबद्दल सांगायला नको. बोअरचा ओटा तडकला असेल तर तो लगेच सिमेंटने बुजवावा, कारण पहिल्या पावसाचे पाणी गोठ्यातील घाणीसकट केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपच्या) कडेने खाली उतरते. गटारातून गेलेले नळजोड वर घ्यावेत. पाणी सोडणे बंद झाले की रिकामी नळी गळक्या सांध्यातून गटारच आत ओढते.

आता ती निर्जंतुकीकरणाची, म्हणजे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असते आणि 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे आमच्या टाकीला 250 ग्रॅम, हे माप तिच्याच भरवशावर बसवलेले आहे. दमट पंपघरात तोंड उघडे राहिलेले पोते दोन महिन्यांनी दिसते तसेच पांढरे, पण क्लोरीन उडून गेलेले असते. म्हणून पोत्यावरची तारीख पाहावी, पोते कोरड्या जागी फळीवर ठेवावे आणि पावडरीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. पाण्याचा नमुना पाठवला म्हणजे पावडरीचाही गेला, असे कृपा करून समजू नये; मी तसेच समजलो होतो. क्लोरीन 20 टक्क्यांच्या खाली आले असेल तर ते पोते वापरू नये, मग ते कितीही भरलेले असो.

पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून पाणी सोडावे आणि ओटी चाचणी (द्रावणाचे थेंब टाकून पाण्यात उरलेले क्लोरीन रंगावरून पाहणे) टाकीखाली नव्हे, वस्तीवरच्या शेवटच्या नळाला करावी. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळाले पाहिजे. रंग पिवळा झाला नाही तर आधी पावडरीवर संशय घ्यावा, पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकावर नंतर.

जिवाणू तपासणीची निर्जंतुक बाटली विसळू नये. क्लोरीन मारण्यासाठी तिच्यात घातलेले थायोसल्फेट त्याने धुऊन जाते. नमुना बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवावा. रासायनिक नमुना वेगळ्या बाटलीत द्यावा आणि नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या आत आहे का ते पाहावे, कारण ते पावडरीनेही जात नाही, उकळूनही नाही.

राहिले हातमोजे, ओटीचे द्रावण आणि नोंदवही. आणि पावडरीचा नमुना, नवे पोते फोडाल त्याच दिवशी.