हानबोक घाला, राजवाड्याचं तिकीट वाचवा

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, ग्योंगबोकगुंग राजवाडा पाहायचा असेल तर आधी जवळच्या दुकानातून हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, भाड्याने घ्या. वरची जोगोरी आणि खाली घेरदार घागरा किंवा ढगळ विजार, दोन्ही अंगावर असलं की प्रवेश फुकट. मंगळवारी मात्र जाऊ नका, राजवाडा सहसा बंद असतो.

जेवताना सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने चमचा उचलेपर्यंत थांबा. भात चमच्यानेच खायचा. त्यात चॉपस्टिक उभ्या खोचणं फार वाईट दिसतं, पितरांच्या विधीची आठवण होते.

शाकाहारी मंडळींनो, किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोरियन भाजीत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो, विचारूनच घ्या. त्यापेक्षा बौद्ध मठांच्या परंपरेतलं जेवण शोधा. मांस-मासळी सोडाच, कांदा-लसूणही नसतो. ते न खाणाऱ्या आईवडिलांना तिथे खुशाल न्या.