गाठीतल्या टी पेशींचा अर्थ लावताना या चुका टाळा

कर्करोग झाला म्हणजे प्रतिकारसंस्था झोपलेली होती, हा समज सर्वांत आधी सोडावा. गाठ तपासणीत दिसण्याइतकी वाढते, तोवर टी पेशींशी, म्हणजे रोगट पेशी ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींशी, तिची बहुधा दीर्घ झटापट होऊन गेलेली असते. ज्या कर्कपेशी ओळखू आल्या त्या मारल्या गेल्या आणि ज्यांनी ओळख पटवणारे प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडणे बंद केले त्या उरल्या, असे पुष्कळदा घडते.

दुसरी चूक मोजणीतली आहे. सूक्ष्मदर्शकाखालच्या रंगवलेल्या छेदात सीडी८ टी पेशींचे (कर्कपेशींना थेट मारणाऱ्या गटाचे) तपकिरी ठिपके भरपूर दिसले की प्रतिसाद जोरदार आहे असे मानले जाते. पण नीट पाहिले तर कधी कधी ते सगळे ठिपके गाठीभोवतीच्या तंतुमय पट्ट्यातच अडकलेले असतात आणि आतल्या कर्कपेशींच्या पुंजक्यांत एकही नसतो. त्यामुळे आकड्याबरोबर जागाही नोंदवावी. शिवाय आत शिरलेल्यांतल्या काही टी पेशी जुन्या विषाणूसंसर्गाच्या आठवणी बाळगणाऱ्या असतात, त्यांना गाठीशी काही देणेघेणे नसते. आणि सीडी४ या दुसऱ्या गटातल्या, फॉक्सपी३ हे प्रथिन असलेल्या नियामक पेशी तर प्रतिसाद दडपतात.

सर्वाधिक घोळ होतो तो पीडी-१ या, टी पेशीला आवर घालणाऱ्या ग्राहीवरून (पृष्ठभागावरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनावरून). हा ग्राही दिसला की पेशी थकली, असा निष्कर्ष काढला जातो, पण नुकत्याच उत्तेजित झालेल्या धडधाकट टी पेशीवरही तो काही काळ येतोच. म्हणून टिम-३, लॅग-३ आणि टॉक्स या थकव्याशी निगडित इतर प्रथिनांची जोड पाहावी, आणि पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे लढ्यातले संदेश-प्रथिन अजून बनवते का, हेही तपासावे. ‘थकवा’ हा शब्दच, माझ्या मते, थोडा फसवा आहे, कारण विश्रांतीने हा थकवा सहसा पूर्णपणे जात नाही. प्रतिजनाचा (टी पेशी ओळखते त्या तुकड्याचा) मारा महिनोन्‌महिने चालला की जनुके उघडण्या-मिटण्याची ठेवणच बदलते. पीडी-१ रोखणारे औषध दिल्यावर नव्याने वाढतात त्या मुख्यतः टीसीएफ-१ हे प्रथिन टिकवून ठेवलेल्या राखीव पेशी. पूर्ण थकलेल्या पेशी त्या औषधाने सहसा पूर्ववत होत नाहीत. ही राखीव फळी किती उरली आहे, हे न पाहता औषधाला दोष देऊ नये.

उंदरात टोचलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढते, तर माणसातली अनेकदा वर्षानुवर्षे, हा फरक प्रयोगाचे निष्कर्ष वाचताना विसरू नये.

उपचारानंतरच्या पहिल्याच स्कॅनमध्ये गाठ मोठी दिसली की प्रतिकारोपचार (प्रतिकारसंस्थेला बळ देणारा उपचार) फसला असे ठरवण्याची घाई होते. क्वचित ही सूज आत शिरलेल्या टी पेशींचीच असते, म्हणून प्रतिकारोपचाराचा प्रतिसाद मोजण्याच्या २०१७ च्या आयरेसिस्ट निकषांनुसार ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात. मात्र रुग्णाची प्रकृती ढासळत असेल, वेदना वाढत असतील, तर ती वाढ बहुतेक वेळा खरीच असते आणि तिथे वाट पाहण्यात उपचाराचा मोलाचा वेळ जातो.