घडीचा इन्स्टंट-डिजिटल कॅमेरा बनवताय? या चुका टाळा

एकाच कॅमेऱ्यात इन्स्टंट फिल्म आणि डिजिटल सेन्सर, शिवाय घडी घालून पिशवीत टाकता यावा अशी बॉडी. कोल्हापुरात हे जुळवणं तसं अवघड नाही. उद्यमनगरात लेथ, मिलिंग, शीट मेटल सगळं हाताशी आहे, आणि बाबूराव पेंटरांनी तर शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिने-कॅमेरा तयार केला होता. प्रोजेक्ट फसतात ते कामाचा क्रम चुकल्यामुळे. सेन्सर आणि स्क्रीन आधी विकत आणले जातात आणि फिल्मला उरेल ती जागा मिळते. फिल्मच्या मापात, रसायनात आणि संवेदनशीलतेत तुम्हाला काडीचाही बदल करता येत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच हवी.

घडी कशासाठी, हे न ठरवणं

दोन रस्ते आहेत. पहिल्यात लेन्समधून प्रकाश थेट फिल्मवर पडतो आणि डिजिटल फोटो वेगळा निघतो. दुसऱ्यात फोटो आधी सेन्सरवर घेतला जातो आणि मग आतलं प्रिंट हेड तो फिल्मवर उतरवतं. दुसरा रस्ता घेणार असाल तर भात्याची (लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या, घडी पडणाऱ्या काळ्या नळीची) गरजच नाही, कारण सेन्सरची लेन्स वाटाण्याएवढी असते. तरीही दिसायला छान म्हणून भाता लावला जातो आणि वजन, गळती, बिजागऱ्या फुकट अंगावर येतात. शिवाय फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मिनी या इन्स्टंट फिल्मवर मिलिमीटरला साधारण साडेबारा ठिपके, म्हणजे ६०० × ८०० पिक्सेल एवढंच छापलं जातं. त्यासाठी १२ मेगापिक्सेलचा सेन्सर घेतलात तर तो फायलीपुरता कामाचा. प्रिंटमध्ये फरक दिसणार नाही.

खरी घडी हवी असेल तर पहिला रस्ता. पुढचं सगळं त्याबद्दल.

आरसा: अक्षरं उलटी का येतात

पोलरॉइडची फिल्म ज्या बाजूने प्रकाश घेते त्याच बाजूने आपण ती पाहतो. त्यामुळे आत एक आरसा लागतो, नाहीतर फोटो डावा-उजवा उलटा येतो. पोलरॉइडच्या १९७२ च्या एसएक्स-७० या घडीच्या कॅमेऱ्यात आरसा आहे तो त्यासाठीही. इन्स्टॅक्स मागच्या बाजूने प्रकाश घेते आणि समोरून पाहिली जाते, म्हणून तिला आरसा नको. एसएक्स-७० ची रचना पाहून तिच्यात इन्स्टॅक्स बसवली की घोटाळा ठरलेला. सूत्र सोपं आहे: पोलरॉइडला आरशांची संख्या विषम, इन्स्टॅक्सला शून्य किंवा सम. पहिला टेस्ट फोटो महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानाच्या पाटीचा घ्या. झाडाच्या फोटोत ही चूक कळत नाही.

आणखी एक फरक: पोलरॉइडची फिल्म बाहेर पडताच तिच्यावर उजेड पडून चालत नाही, म्हणून तोंडाशी काळा पडदा लागतो. इन्स्टॅक्सला लागत नाही. पहिला कॅमेरा बनवत असाल तर इन्स्टॅक्सच घ्या.

लेन्स पुरत नाही

इन्स्टॅक्स मिनीची चित्रचौकट ४६ × ६२ मिमी, कर्ण सुमारे ७७ मिमी. ३५ मिमी कॅमेऱ्याची ५० ची लेन्स ४३ मिमी कर्णासाठी बनलेली असते. ती लावली की मधे गोल चित्र आणि कोपरे काळे. जुन्या ६ × ६ सेंमी चौकटीच्या कॅमेऱ्याची ७५ किंवा ८० मिमीची लेन्स मिनीला पुरते. स्क्वेअर फिल्मचा कर्ण ८८ मिमी आहे, तिथे जुन्या ६ × ९ सेंमीच्या घडीच्या कॅमेऱ्याची १०५ ची लेन्स शोधा.

या जुन्या लेन्सचं शटर बहुधा १/२५० किंवा १/३०० वर थांबतं. इन्स्टॅक्सचा आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ८००. भर दुपारी एफ १६ ला १/८०० हवं, म्हणजे १/२५० ला पावणेदोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश जातो आणि आकाश पांढरंफटक होतं. लेन्सपुढे एनडी ४ फिल्टर (प्रकाश चौथाईवर आणणारी काच) बसवण्याची सोय डिझाइनमध्येच ठेवा. नंतर जागा सापडत नाही.

कात्री आणि भाता

सगळ्यात जास्त फिल्म इथे वाया जाते. लेन्स बोर्ड (लेन्स बसवलेली पुढची पाटी) कात्रीसारख्या पट्ट्यांवर पुढे-मागे सरकतो; तो फिल्मला समांतर नसेल तर फोटोची एक बाजू मऊ येते. १ अंश कलला की ६२ मिमी रुंदीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.०८ मिमी फरक पडतो, म्हणजे मध्यापासून अर्ध्या मिमीच्या वर. एफ ८ ला साधारण ०.८ मिमीपर्यंत खपून जातं. एफ ४ ला मर्यादा ०.४, आणि तिथे उघडं पडतं. दोष लेन्सला दिला जातो, असतो मात्र कात्रीच्या पिनच्या भोकात. ३ मिमीचं ड्रिल थेट मारलं की भोक मोठं होतं. २.९ चं ड्रिल मारा, मग ३ चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), आणि डॉवेल पिन गनमेटल बुशमध्ये फिरू द्या. कॅमेरा उघडून लॉक करा आणि लेन्स बोर्डपासून फिल्म गेटपर्यंतचं (फिल्म जिथे बसते त्या चौकटीपर्यंतचं) अंतर चारही कोपऱ्यांत व्हर्नियरने घ्या. फरक ०.२ मिमीच्या आत हवा. पन्नास वेळा उघडझाक करून पुन्हा मोजा. पहिल्या मापावर समाधान मानू नका.

भात्यासाठी कोल्हापुरी चपलेचं कातडं वापरायचा मोह होतो. ते जाड असतं. १.२ मिमी कातड्याच्या १० घड्या मिटल्यावर नुसत्या बाजूंनाच २४ मिमी होतात, कोपऱ्यांत त्याहून जास्त. मग कॅमेरा मिटणार कसा? बाहेरून ब्लॅकआउट कापड, आतून पातळ काळं अस्तर, मधे ०.२ मिमी कार्डाच्या पट्ट्या, एकूण जाडी ०.४ च्या आसपास. पट्ट्यांमध्ये २ मिमी फट सोडा, तिथेच घडी बसते. चपलांचं रबरी सोल्यूशन चालतं, पण किमान एक दिवस ताणून वाळवा. ओलं असताना मिटलेला भाता पुन्हा धड उघडत नाही.

गळती तपासायला रात्री अंधाऱ्या खोलीत टॉर्च आत ठेवा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि कोपरे आधी बघा. शेवटची खात्री फिल्मनेच: पॅक घाला, वरचं काळं कव्हर बाहेर काढा, लेन्स झाकून कॅमेरा पाच मिनिटं उन्हात ठेवा आणि एक फिल्म काढा. ती पूर्ण काळी आली पाहिजे.

रोलर घरी बनवणं

बनवू नका. बंद पडलेल्या इन्स्टॅक्स मिनी कॅमेऱ्यातून रोलर (फिल्म दाबून आतलं रसायन पसरवतात ते), गिअर आणि मोटर अख्खी काढा. मात्र फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा असतो, बॅटरी काढल्यावरही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी काही सेकंद लावून ठेवा आणि मल्टिमीटरने शून्य झाल्याची खात्री करा.

फिल्मवर ठरावीक अंतराने तोच डाग येत असेल तर रोलर घाण आहे. ८ मिमी व्यासाच्या रोलरचा डाग दर २५ मिमीला येतो. एका कोपऱ्यात रसायन पोचत नसेल तर त्या बाजूची स्प्रिंग ढिली आहे. आडवे पट्टे म्हणजे मोटर अडखळतेय. वाळलेलं रसायन अल्कली असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा.

एकच बॅटरी, एकच वायर

मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली जातं आणि डिजिटल बोर्ड रिस्टार्ट होतो. फिल्म बाहेर, फाइल गायब. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड ४.६३ व्होल्टखाली इशारा द्यायला लागतो. बोर्डला स्वतंत्र रेग्युलेटर द्या, मोटरच्या पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. सेन्सर पुढच्या हलत्या भागावर बसवू नका; घडीतून गेलेली रिबन केबल एकाच रेघेवर वाकून तुटते. तो बॉडीच्या वरच्या कडेला, फिल्मच्या लेन्सच्या बरोबर वर बसवा, आणि उघडलेला लेन्स बोर्ड त्याच्या चित्रात येत नाही ना ते पाहा.

स्क्रीन म्हणेल तशी फिल्म येईल, हा समज

छोट्या सेन्सरवर सगळंच स्पष्ट दिसतं. ८० मिमी लेन्सवर दिसणार नाही. फोकस स्क्रीनवर ठरवू नका, बोर्डाच्या सरकपट्टीवर अंतराच्या खुणा करा: १ मीटरसाठी लेन्स अनंताच्या जागेपासून ७ मिमी पुढे यावी लागते. दोन लेन्समध्ये ४० मिमी अंतर असेल तर १ मीटरवर चित्र चौकटीच्या लांब बाजूच्या साडेपाच टक्के सरकतं, अर्ध्या मीटरवर १२ टक्के. ही सरक सॉफ्टवेअरमध्ये क्रॉपने भरून काढता येते.

प्रकाश मोजताना स्क्रीनचा उजेड बघू नका, ऑटो गेन (सेन्सरचा सिग्नल आपोआप वाढवणारी सोय) तो सतत बदलतो. एक्सपोजर वेळ आणि गेन हे आकडे वाचा, सावलीतल्या राखाडी कार्डावर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने पाच फिल्म घ्या, आणि चांगल्या आलेल्या फिल्मचं माप त्या आकड्यांशी बांधून टाका. एप्रिलमध्ये बांधलेलं माप जानेवारीच्या पहाटे रंकाळ्यावर जुळेलच असं नाही. पोलरॉइड १३ अंशांखाली निळसर, फिकट येते आणि २८ च्या वर पिवळट-लालसर.