यकृत प्रत्यारोपणातल्या सायटोकाइनवर काम करायचंय? आधी ऑपरेशन समजून घ्या

जळगावच्या विद्यापीठातून किंवा धुळे-शिरपूरच्या कॉलेजांतून बायोटेक, मायक्रोबायोलॉजी केलेली मुलं मला विचारतात, यकृत प्रत्यारोपणातल्या सायटोकाइनच्या (पेशी एकमेकींना इशारे द्यायला सोडतात ती प्रथिनं) संशोधनात शिरायचं तर काय वाचू? इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, वाचाच. पण त्याआधी ऑपरेशनचे टप्पे पाठ करा, असं माझं ठाम मत आहे.

दात्याचं यकृत काढलं की ते थंड द्रावणात, साधारण ४ अंश सेल्सिअसला ठेवतात. ऑक्सिजन बंद, पेशींतला एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) संपत जातो. मग रुग्णाच्या पोटात रक्तवाहिन्या जोडून क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) सोडला की रक्त आत शिरतं आणि इजा उलट वाढते. दुखावलेल्या पेशींतून एचएमजीबी-१ सारखी प्रथिनं सुटतात. यकृतातल्याच कुप्फर पेशी (तिथल्या पहारेकरी प्रतिकार-पेशी) ती आपल्या टीएलआर-४ या ग्राहकामार्फत ओळखतात, दाहाची जनुकं चालू करणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होतं, टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ ही सायटोकाइन रक्तात येतात, मागोमाग न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जमतात. काहींचा रक्तदाब तर पहिल्या ५ मिनिटांतच कोसळतो.

म्हणूनच रक्ताच्या नमुन्याच्या नळीवर नुसतं 'सकाळी ११:४०' लिहून भागत नाही. क्लॅम्प सोडल्यावर किती मिनिटांनी रक्त घेतलं, मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड त्याआधी दिलं की नंतर, हे हवंच. स्टेरॉइडने सायटोकाइन दबतात. ही माहिती भूलतज्ज्ञांच्या नोंदीत मिळते. तो कागद वाचायला शिका.

तुलना कुणाशी करायची, हाही मोठा प्रश्न. सिरोसिसमध्ये (यकृत घट्ट, व्रणमय होण्याच्या आजारात) आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत असतात, त्यामुळे ऑपरेशनआधीच आयएल-६ वाढलेलं असू शकतं. रुग्णाचा स्वतःचा, चीर देण्याआधीचा नमुना सर्वांत मोलाचा. सीआरपीवर (दाह मोजायला नेहमी तपासतात ते रक्तातलं प्रथिन) तर डोळे झाकून विसंबू नका. ते आयएल-६ च्या इशाऱ्यावर यकृतच बनवतं, त्यामुळे नवं यकृत अशक्त असेल तर आत आग पेटलेली असूनही आकडा कमी दिसू शकतो.

आणि आयएल-६ ला खलनायक ठरवू नका. ते नसलेल्या उंदरांत यकृताचा भाग कापल्यावर उरलेल्याची पुन्हा वाढ खुंटते, हे १९९६ मध्येच दिसलं. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्याच्या यकृताच्या तुकड्यावर होतात. तो तुकडा वाढायलाच हवा.

प्रयोगशाळेत ईडीटीए प्लाझ्मा (रक्त गोठू न देता वेगळा केलेला द्रव) की सीरम (गोठल्यावर उरलेला द्रव), हे सुरुवातीलाच ठरवा. रक्त गोठताना प्लेटलेट काही रेणू सोडतात, म्हणून दोन्हींची सरमिसळ नको. प्लाझ्मा असेल तर लगेच, सीरम असेल तर रक्त गोठल्यावर सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून) छोट्या नळ्यांत वाटा आणि उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवा. पुन्हा पुन्हा वितळवू नका.

खान्देशातले रुग्ण प्रत्यारोपणासाठी पुण्या-मुंबईला येतात. संमतिपत्र प्रमाण मराठीत असतं आणि अमळनेर-साक्रीकडची म्हातारी आई विचारते, "इतलं रगत कसाले?" तिला अहिराणीत समजावणारं माणूस टीममध्ये असलं की फार फरक पडतो. हे रक्त संशोधनासाठी आहे, त्याने तुमच्या मुलाचे उपचार बदलणार नाहीत, नाही म्हणालात तरी उपचारांत कमी पडणार नाही, हे तिला तिच्या भाषेत कळायलाच हवं. अहिराणी येत असेल तर मुलाखतीत आवर्जून सांगा.

फेलोशिपसाठी सीएसआयआर-नेट आणि आयसीएमआरच्या जेआरएफ (संशोधन फेलोशिप) या परीक्षांची तयारी एकत्र करता येते. प्रयोगशाळा निवडताना एक नक्की विचारा: नमुने घ्यायला आम्हाला ऑपरेशन थिएटरपर्यंत जाता येईल, की फक्त फ्रीझरमधले मिळतील?